बंदूकवाल्याची सीट

नाही, पण मला एक सांगा, गाडीतल्या मधल्या सीटला नाव का नाही हो? बाकी सगळ्यांना आहे! ड्रायव्हरची ती ड्रायव्हर सीट, खिडकीची ती खिडकी, आणि पुढची डावी, तिचं तर काय विचारूच नका, आमच्या घरात तिला ‘यांची सीट’ म्हणतात. हे म्हणजे आमचे हे, काशीराम, क्लार्क होते, नोकरीतून रिटायर झाले पण त्या सीटवरून काही उठले नाहीत! आणि मागं, दोघांच्या मधोमध, जिथं खाली तो उंचवटा असतो बघा, पाय इकडं ठेवले तर नणंदेच्या पायावर, तिकडं ठेवले तर लेकीच्या पायावर, तिला नाव नाही. तिथं बसायला नुसता हुकूम असतो. गाडीचं दार उघडलं रे उघडलं की यांचा आवाज येतो, “विमल, तू हो मधी!”

तू हो मधी! लग्नाला तीस वर्षं झाली, मी आपली मधी. तुम्हाला सांगते, नवी नवरी होते तेव्हा वडापची जीप असायची. पुढं ड्रायव्हर धरून पाच माणसं, ड्रायव्हर बिचारा अर्धा दाराबाहेर, एक हात स्टेअरिंगवर आणि एक टपाला. तिथंसुद्धा हे पुढं आणि मी मागं, कोंबडीवाली एका बाजूला, सुक्या बांगड्याची टोपली दुसऱ्या बाजूला, आणि पुढून हे काय म्हणतात? “विमल, तू हो मधी!” मग रिक्षा आली. रिक्षात मधी. आता लेकानं स्वतःची गाडी घेतली, थंड हवेची, गाण्याची, मागं जाताना पडद्यावर मागचं दिसणारी... मला वाटलं आता तरी दिवस पालटले. कसले पालटले? पहिल्या दिवशी नारळ फोडला, हार घातला, पेढे वाटले, दार उघडलं... हं, तुम्हीच म्हणा काय म्हणाले असतील ते!

आता तुम्ही म्हणाल, बाई, तू सांगत का नाहीस की मला पुढं बसायचंय? अहो सांगून कसं चालेल? आमच्याकडं पुढच्या सीटचा कायदा आहे. ज्याला गाडी लागते तो पुढं! आणि आमच्या घरात गाडी कुणाला लागत नाही ते विचारा. यांना लागते. आमच्या वन्सं, कमलाताई, त्यांना तर गाडी नुसती दिसली तरी लागते. कनवटीला लिंबू, पदराला वेलदोडा, आणि घर सोडायच्या आधीपासून “अगो बाय, माझ्या पोटात कसंतरीच होतंय गो!” म्हणून त्यांना खिडकी. लेक श्रुती, तिला दुसरी खिडकी, तिला गाडी लागत नाही पण म्हणे रेंज लागत नाही. राहिलं कोण? मी! मला मेलीला कधी उलटीच होत नाही. आंबा घाटात झाली नाही, बोटीत झाली नाही, दोन्ही पोरांच्या वेळी पोटुशी होते तेव्हा झाली नाही! आणि उलटी न होणाऱ्या माणसाला या जगात न्याय नाही, हे माझ्याकडून लिहून घ्या.

आणि यांना गाडी लागते म्हणजे काय होतं माहितीय? झोप लागते! नाचण्यातनं, आमच्या गावातनं, गाडी निघते, नाक्यावरच्या पिंपळापर्यंत यांची मान छातीवर आलेली असते. मग थेट मुक्कामी जाग येते. “आलं होय? मळमळलं जरा, म्हणून डोळे मिटून होतो.” घोरत होता, मिटून कसले होता! अख्खं कोकण गेलं यांच्या पुढच्या काचेतून, यांनी बघितलं नाही, आणि मला बघायचं होतं तर मला काय दिसलं? यांच्या सीटची पाठ. आणि वर यांचं टक्कल.

तर आता मुद्द्याचं ऐका. मे महिना. माझा भाऊ दादू, वेळणेश्वरला असतो, त्याच्या तेजस्वीचं लग्न. आम्ही दोघंच भावंडं. आई-बाबा गेले, वहिनी दोन वर्षांमागं गेली, म्हणजे पोरीच्या बाजूची बाईमाणूस कोण तर मी, आत्या! तेजस्वीनं फोनवर सांगितलं होतं, “आत्या, तू माझ्याजवळ उभी राहिल्याशिवाय मी हार घालायची नाही.” लग्न दुपारी बाराला. आमच्या बौद्धांत मुहूर्त-बिहूर्त बघत नाहीत, पण बौद्धाचार्यांना त्याच दिवशी पलीकडच्या गावात दुसरं लग्न होतं, त्यांनी दादूला बजावलं होतं, बारा म्हणजे बारा, कुणासाठी थांबायचं नाही. आणि वेळणेश्वरला जायचं म्हणजे जयगडला फेरीबोट गाठायला हवी. ती चुकली तर पुढची येईपर्यंत किंवा सगळा वळसा घालून जाईपर्यंत इकडं पंगतीसुद्धा उठायच्या!

आदल्या दिवशी काय झालं, आम्ही बाजारात निघालो. प्रमोद, माझा लेक, भांडुपला असतो, तो गाडी काढतोय, हे चप्पल घालतायत, आणि आमची श्रुती, ऐरोलीला ऑफिसात आहे ती, पायरीवरूनच ओरडली, “शॉटगन!” आणि धावत जाऊन बसली की पुढच्या सीटवर! हे एक पाय चपलेत, एक पाय बाहेर. “हे काय नवीन?” “पप्पा, नियम आहे. गाडी दिसल्यावर जो पहिला शॉटगन म्हणेल त्याची पुढची सीट. आमच्या ऑफिसात सगळे असंच करतात.” “आणि आजारी माणसानं काय करायचं?” “आजारी माणसानं आधी म्हणायचं!”

अगो बाई! माझ्या कानात घंटाच वाजली. मी म्हटलं, श्रुती, शॉटगन म्हणजे बंदूक ना गो? सीटचा आणि बंदुकीचा संबंध काय? तर ती सांगते, आई, पूर्वी अमेरिकेत घोड्यांच्या मोठ्या गाड्या असायच्या. लांब लांब जायच्या, ओसाड मुलुखातून. आत माणसं, वर सोन्याच्या पेट्या. वाटेत दरोडेखोर! आणि हाकणाऱ्याचे दोन्ही हात लगामात गुंतलेले, तो काय करणार? म्हणून त्याच्या शेजारी एक माणूस बसायचा, मांडीवर बंदूक घेऊन. लक्ष ठेवायला. त्याची ती जागा. म्हणून त्या सीटला शॉटगन.

हे लगेच म्हणाले, “आपल्याकडं कुठं आलेत दरोडेखोर? काहीतरी बनवलेलं असेल.” आणि श्रुतीपण इतकी सरळ, म्हणाली, “हो पप्पा, तसं म्हणे त्या काळात हा शब्द नव्हता, तो मागाहून गोष्टींतून आणि सिनेमांतून रूढ झाला.” झालं! हे खूश. “बघ! मी म्हटलं नव्हतं? खोटं सगळं!” मी म्हटलं, अहो, शब्द मागाहून आला असेल, पण माणूस आधी होता ना? बंदूक होती ना? आणि तो जागा असायचा ना? यावर हे दुसरा पाय चपलेत घालायला लागले. वन्सं म्हणाल्या, “काय गो विमल, तुला काय करायच्यात बंदुका?” पण मी काय ऐकतेय! त्या संध्याकाळी भाकऱ्या थापतेय, आणि डोक्यात एकच. म्हणजे ती सीट मानाची नव्हेच! आजाऱ्याची नव्हे, झोपायची तर नव्हेच नव्हे! ती ड्युटीची सीट आहे! आणि आमच्या घरात तीस वर्षं त्या ड्युटीवर झोपा काढतंय कोण?

ठरवलं. सकाळी गाडी दिसली की पहिलं आपण म्हणायचं.

सकाळी उठले, अंघोळ केली, पांढरी साडी नेसले, निळ्या काठाची, नवी कोरी, केसांत गजरा, आणि दारात येऊन पोटातून ओरडले, “शॉटगऽऽन!” अंगणवाडीत पोरांना हाका मारून मारून माझा आवाज तुम्हाला माहितीच आहे, समोरच्या फणसावरचे कावळे उडाले, शेजारचा धाकू दात घासता घासता तसाच तोंडाला फेस घेऊन बाहेर आला, “काय झालं वयनी?” म्हटलं काही नाही, सीट धरतेय. आणि बघते तर काय... हे आधीच गाडीत! हातात चहाचा कप, पट्टा लावून तयार! “मी कधीचा बसलोय. गाडी मला आधी दिसली.” अहो, पण तुम्ही म्हटलं कुठं? “मनात म्हटलं.”

मनात! आता मनातल्याला कुठं दाद मागायची? त्यात वन्संनी लिंबू हुंगायला सुरुवात केली, प्रमोदनं हॉर्न वाजवला, “आई, चल ना, बोट चुकेल,” आणि पुढून, न वळता, नुसता हात मागं करून, “विमल, तू हो मधी!”

झाले मधी. आणि मांडीवर काय? फणस! दादूला कापा फणस आवडतो म्हणून परसातला काढला होता, डिकी आहेराच्या भांड्यांनी भरलेली, फणस जाणार कुठं? “आईच्या मांडीवर दे.” हा एवढा फणस, नव्या साडीवर, काटे मांडीला, देठाचा चीक पदराला लागू नये म्हणून खाली पेपर, आणि मी त्याला दोन्ही हातांनी धरून बसलेय, लहान मूल धरावं तशी. समोर टक्कल.

आता प्रमोद फोनवरच्या नकाशावर गाडी चालवतो. तो फोन लावायचं स्टँड मोडलं होतं. म्हणून फोन यांच्या हातात दिला. “पप्पा, ती बाई काय सांगते ते मला सांगत राहा, आवाज बारीक आहे.” “हो हो, तू बिनधास्त चालव.” पिंपळ आला. मान छातीवर! निवळी गेली, जाकादेवी गेली, फोन यांच्या मांडीवरून घसरून सीटखाली, ती बाई पायाखालून काहीतरी सांगतेय, प्रमोदला अर्धं ऐकू येतंय अर्धं नाही, मी मागून म्हणतेय, “अरे बाबू, आपला रस्ता सरळ ना रे?” मला दिसत तर काहीच नाही! आणि त्यानं वळवली डावीकडं.

रस्ता बारीक झाला. मग लाल झाला. मग रस्ताच गेला! आणि गाडी जाऊन थांबली कुठं? चिरेखाणीत! समोर हा मोठा खड्डा, जांभा दगडाचे चिरे कापून रचलेले, मशीन घरघरतंय, सगळीकडं लाल धूळ, आणि आम्ही मधोमध, लग्नाच्या कपड्यांत. वळायला जावं तर मागून चिरे न्यायला आलेला ट्रक येऊन उभा. तो म्हणतो तुम्ही पुढं घ्या, प्रमोद म्हणतो तुम्ही मागं घ्या. दोन्हीकडून हॉर्न! वन्संनी लिंबू तोंडातच घातलं. श्रुती म्हणते, “आई, पावणेअकरा झाले. आता बोट नाही मिळत.” आणि हे? तेवढ्या हॉर्नांत यांना जाग आली, बाहेर बघितलं आणि म्हणतात, “आलं होय वेळणेश्वर?”

तुम्हाला सांगते, माझ्या डोळ्यांसमोर तेजस्वी उभी राहिली. आई नसलेली पोर, स्टेजवर, हातात हार, आणि दरवाजाकडं बघतेय. आणि मग जे काही तीस वर्षं आत साठलं होतं ना, ते आलं वर! मी म्हटलं, श्रुती, दार उघड. उतरले. फणस घेऊनच उतरले. गेले पुढच्या दाराशी, उघडलं, आणि म्हटलं, “उतरा.”

“काय गो?”

“उतरा म्हणतेय ना! त्या अमेरिकेत बंदूकवाला असा झोपला असता तर त्याला मालकानं तिथंच खाली उतरवला असता, मागं घेतला नसता, मी निदान मागं घेतेय!”

“विमल, मला गाडी लागते!”

“लागू दे! लिंबू आहे वन्संकडं!” आणि फणस दिला यांच्या हातात, आणि म्हटलं... काय म्हटलं असेन? तुम्हीच म्हणा! सगळ्यांनी म्हणा! “तुम्ही व्हा मधी!”

अहो, काय तो क्षण! खाणीतले कामगार हातातलं काम टाकून बघत होते, एकीनं तर टाळी वाजवली. हे गेले हो मुकाट्यानं. पाय उंचवट्यावर, गुडघे छातीशी, मांडीवर फणस, एका बाजूला बहीण, एका बाजूला लेक. मी बसले पुढं. पट्टा लावला. आणि काच खाली केली.

पहिल्यांदा तो ट्रकवाला! डोकं बाहेर काढलं, “ओ दादा! हॉर्न पुरे! तुमची गाडी मोठी आहे, कळतंय आम्हाला, पण तुमच्या मागं तो आंब्याजवळ रुंद रस्ता आहे, तेवढंच घ्या, आमच्या पोरीचं लग्न आहे बाराला!” तो म्हणतो, “ताई, आधी नाय सांगायचं?” घेतला की मागं! लग्न म्हटल्यावर कोण थांबवतोय? मग खाणीतल्या बाईला विचारलं, जयगडचा रस्ता? तिनं हात केला. पुढं सायकलवाला, त्याला विचारलं. दुकानदार, त्याला विचारलं. गुरं घेऊन चाललेले आजोबा, त्यांना विचारलं, ते गुरांसकट थांबले, आधी कुठल्या गावच्या, कुणाच्या कोण, दादू म्हणजे महिपतचा मुलगा काय, मग रस्ता! पण रस्ता बरोब्बर! प्रमोदला सांगत गेले, “डावीकडं घे, हळू, पुढं खड्डा, म्हैस आहे, आता दाब!” आणि तो दाबतोय! मागून यांचा आवाज, “अरे हळू, फणस टोचतोय.” कुणी लक्षच दिलं नाही.

आणि काय सांगू तुम्हाला, रस्ता पुढून येतो हो! हे मला माहितीच नव्हतं! तीस वर्षं त्याच वाटेनं माहेरी गेले, मला तो फक्त बाजूनं पळताना दिसायचा, तोही वन्संच्या अंबाड्याच्या फटीतून. इथं तो समोरून येतोय, कातळ, मग काजू, मग एकदम उतार, आणि उताराच्या तळाशी खाडी! अख्खी! निळी! माझ्यासाठीच ठेवल्यासारखी! मला रडूच आलं. प्रमोद म्हणाला, “आई, काय झालं?” म्हटलं काही नाही रे, तू समोर बघ, मी पण समोरच बघतेय.

आणि खाली धक्क्यावर बोट! सुटत होती हो! गाड्या चढलेल्या, पुढचा तो लोखंडी फळा वर उचलायला लागलेला. श्रुती म्हणाली गेली. वन्सं म्हणाल्या गेली. हे म्हणाले, “मी सांगत होतो, लवकर निघू.” ऐका! तुम्ही ऐकताय ना? मी कमरेपर्यंत खिडकीबाहेर काढलं अंग, पोरं अंगणवाडीच्या कुंपणावर चढली की मी जो आवाज लावते ना, तो लावला, “ओ भाऊऽऽ! थांबाऽऽ! नवरीची आत्या राहिलीयेऽऽ!”

तुम्हाला सांगते, फळा थांबला. अधांतरी. बोटीवरच्या सगळ्या माणसांनी माना वळवल्या. आणि तो फळा उचलणारा, चांगला पिकल्या मिशांचा माणूस, त्यानं हात कानाशी नेला, “कोण राहिलंय?” आणि अख्ख्या बोटीनं त्याला ओरडून सांगितलं, “आत्या! आत्या!” फळा खाली आला! प्रमोदनं गाडी घातली, आम्ही चढलो, लोक टाळ्या वाजवतायत, एका बाईनं खिडकीतून मला चाफ्याचं फूल दिलं, म्हणाली, “नवरीला द्या.” मी पुढं बसून दोन्ही बाजूंना नमस्कार करतेय. मंत्री झाल्यासारखं वाटलं हो!

पोचलो. बाराला दहा कमी. दादू मांडवाच्या दारात घामाघूम, मला बघून नुसता “आलीस!” म्हणाला. तेजस्वीच्या केसांत ते फूल खोचलं, तिच्याजवळ उभी राहिले, त्रिसरण झालं, पंचशील झालं, हार पडले, फुलं पडली, आणि पोर माझ्या गळ्यात पडून रडली. तिथनं खाली आले तोवर श्रुतीनं सगळ्या मांडवात सांगितलेलं. जो तो येऊन हात जोडतोय, “जय भीम, बंदूकवाल्या आत्या!” हे पंगतीत बसलेले, खाली मान घालून जिलबी खातायत. जिंकले हो मी, जिंकले!

आता परत निघालो. दुपारचे चार. दादूनं फणस ठेवून घेतला, आणि रिकाम्या हातानं कशी पाठवायची म्हणून त्याच्या परसातला दुसरा दिला, आमच्यापेक्षा मोठा. गाडीचं दार उघडलं. मी तोंड उघडणार तोच हे म्हणाले, आपणहून हो, कुणी न सांगता, “मी होतो मधी! विमल, तू पुढं बस!”

मी बघतच राहिले. म्हटलं वरमले बिचारे. कसले वरमतायत! बसले मधी, डोकं टाकलं बहिणीच्या खांद्यावर, पाय पसरले दोन सीटांच्या फटीत, आणि म्हणतात, “अगो, मधी काय झकास झोप लागते! मान पडतच नाही! येताना बोटीपासून मी झोपलो तो थेट मांडवात. आणि गाडी लागलीच नाही गो! हे मला तीस वर्षांत कुणी सांगितलं नाही!”

अहो, कोण सांगणार? मीच होते ना तिथं! आणि आता आठवलं मला, मी तरी काय करत होते त्या मधल्या सीटवर? गाडी सुटली की दोन खांद्यांच्या मधी अशी गाढ... जाऊ द्या! तर हे झोपले, वन्सं झोपल्या, श्रुती झोपली. पोटात लग्नाचं जेवण, बाहेर ऊन, आत गार हवा, माझा डोळा लागायला आला, आणि प्रमोद म्हणतो, “आई, तू झोपू नको हं. तू ड्युटीवर आहेस. माझ्याशी बोलत राहा, नाहीतर मला पण झोप येईल.” बोलत राहिले. वेळणेश्वर ते नाचणे! तेव्हापासून कुठंही जायचं असू दे, हे पहिले दार उघडतात, “मी होतो मधी!” आणि मी पुढं, काच खाली, डोळे टक्क उघडे, तोंड चालू.

तर आता तुम्ही म्हणाल, विमलताई, तुम्ही किती बोलता हो, दमत नाही का, गप्प का बसत नाही? अहो, गप्प बसायची खूप इच्छा आहे. पण गप्प बसायची जी एक चांगली जागा होती गाडीत, तिथं आमचे हे झोपलेत. आणि फणस? तो त्यांना झोपेत टोचतो, म्हणून माझ्या मांडीवर.